जनावर दुखणं दाखवत नाही, मग तुम्ही ओळखता कसं?

सातगायी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे संगमनेर तालुक्यात सात गायी आहेत, सगळ्या एचएफ क्रॉस (होल्स्टीन या विदेशी जातीच्या संकरित), पण गावात जर्शीच म्हणतात. त्यातली एक तिसऱ्या वेताची, दोन्ही टायमाचं मिळून १६ लिटर देणारी. मागच्या महिन्यात एका दिवसात ९ वर आली, दुसऱ्या दिवशी ६. ताप म्हणावा तर १०३ च्या आतच. खात होती पण उगं तोंड घातल्यासारखं, पेंड बाजूला सारायची आणि वैरणीच्या चार काड्या चघळत उभी राहायची. वडील म्हणाले नजर लागली, आईने मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, शेजारच्या अण्णांनी पोट साफ व्हायचं काहीतरी पाजलं, मी दुकानातून पाचक पावडर आणली. असे चार दिवस घालवले.

आता आठवतो तर सगळं समोरच होतं हो. पुढच्या पायांची कोपरं अंगापासून लांब धरून उभी राहायची. पाठ जराशी वर काढलेली. गोठ्यातून हौदाकडे जायला थोडा उतार आहे तिथे थबकायची आणि मग एकेक पाय मोजून टाकायची. बसताना "हूं" करून आवाज. मी तर दूध कमी झाल्याचं दाखवायला मेहुण्याला तिचा व्हिडिओसुद्धा पाठवला होता, त्यात हे सगळं आहे, आणि काढणाऱ्याला काही दिसलं नाही!! वडील म्हणत होते माजलीय, काठी दाखव म्हणजे उतरेल खाली. दाखवली पण एकदोनदा, खोटं कशाला बोलू.

पाचव्या दिवशी डॉक्टर आले, पाच मिनिटं लांबूनच बघत उभे राहिले, मग जवळ जाऊन वशिंडाच्या मागे पाठीवर दोन्ही हातांनी चिमटा घेतला. गाय कण्हली. म्हणाले तार आहे पोटात. डाव्या कुशीतून पोट उघडलं, गाय उभीच होती, आणि बोटाएवढी बाइंडिंग वायर निघाली. गेल्या वर्षी गोठ्याला कोबा केला तेव्हाचीच असणार, वैरणीत पडून कडबाकुट्टीतून तुकडा होऊन आली.

गाय वाचली. पण मला प्रश्न पडलाय की जनावराला दुखतंय हे तुम्ही कशावरून ओळखता? पुस्तकातलं नको, तुमच्या गोठ्यातलं सांगा. (पुस्तकातलंही चालेल, पण समजेल असं.)

---

शेळीमाय_यवतमाळ

दादा वाचली ना गाय, मंग झालं, आता मनाला नका लावून घेऊ.

माह्याकडं १९ शेळ्या हायेत. शेळीचं सोपं आहे असं लोकं म्हणतात, काहून की ते ओरडते. पण ओरडते ते भुकेनं, पिल्लासाठी, नाईतर माजावर आली म्हणून. खरं दुखते तवा ते गप होते. माही एक शेळी संध्याकाळी सगळ्यांच्या मागून आली आन कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली. बस एवढंच. बाकी काही नाई. मले तेवढ्यावरूनच समजलं, काहून की ते रोज पह्यली येते, दुसऱ्यांना ढुसण्या देत येते. जवळ गेली त दात खाऊन राह्यली होती, करकर आवाज येत होता. सडाला हात लावला त कास एका बाजूनं गरम, दगडी झालती.

अजून एक सांगतो, बोकड जर सारखा मुतायच्या पवित्र्यात उभा राहून जोर करत असन, शेपटी हलवत असन, आन थेंब थेंबच येत असन, त रात्र काढू नका. मूतखडा राहते. खच्ची केलेल्या बोकडात जास्त. माहा एक असाच गेला, मी म्हटलं जुलाब लागले का काय.

---

मेंढपाळ_मान

मेंढरू गुडघ्यावर बसून चरायला लागलं की समजायचं पुढच्या खुरात सडलंय. पावसाळ्यात चिखलानं होतं. लांबनं बघणारी लोक म्हणत्यात किती गोड बसून खातंय, फोटो काढत्यात रस्त्याला गाड्या थांबवून.

---

तालुक्याचा_डॉक्टर

चांगला धागा. मी सरकारी दवाखान्यात आहे, नाव गाव सांगत नाही, कारण मग लोक इथेच औषध विचारतात.

सातगायी, तुम्ही जे लिहिलंय ते सगळं तारेचं नमुनेदार लक्षण आहे. कोपरं बाहेर, पाठ वर, उतारावर नको म्हणणं, उठताबसता कण्हणं, आणि दूध एकदम खाली. तार जाळीपोटात (गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एक) अडकते, आणि जाळीपोटाच्या पुढे पडद्यापलीकडे लगेच हृदय असतं. उतारावर चालताना पोटातलं सगळं वजन पुढे येतं आणि तार टोचते म्हणून ती थबकते. माज नव्हे तो. चिमट्याचं सांगायचं तर निरोगी गाय चिमटा घेतल्याबरोबर पाठ खाली दाबते. पोटात टोचणाऱ्या गाईला पाठ दाबली की जास्त लागतं, म्हणून ती पाठ ताठच ठेवते. कण्हणं कधी कधी इतकं बारीक असतं की कानाला येत नाही, गळ्यावर श्वासनळीशी स्टेथोस्कोप ठेवला की ऐकू येतं. उशीर झाला असता आणि तार हृदयाच्या आवरणात गेली असती तर पुढच्या पायांमध्ये, पोळीला सूज उतरते, मानेची शीर दोरीसारखी फुगते, आणि मग आमच्याही हातात फारसं काही राहत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. गाय, म्हैस, मेंढी ही सगळी शिकार होणारी जनावरं आहेत. वाघराला कळपातलं लंगडं आधी दिसतं, त्यामुळे दुखणं लपवणारंच जगत आलं. म्हणून मी गोठ्यात गेल्या गेल्या जनावराला हात लावत नाही. मालक म्हणतो डॉक्टर बघत काय उभे राहिलात, इंजेक्शन द्या. पण अनोळखी माणूस जवळ आला की आजारी गायसुद्धा मान वर करून कान उभे करते, आणि मला पाहिजे ते निघून जातं. लांबून पाच मिनिटं. बाकीच्या रवंथ करतायत आणि ही नाही, बाकीच्या बसल्यात आणि ही उभी, बाकीच्यांनी गव्हाणीत तोंड घातलंय आणि हिचं डोकं खांद्याच्या रेषेखाली लोंबतंय, एवढ्यात अर्धं निदान होतं.

रवंथ मोजा. धट्टीकट्टी गाय दिवसाचे सातआठ तास रवंथ करते आणि एक घास साधारण ५०-६० वेळा चघळते. दुखत असेल तर मधेच थांबते, घास तोंडात तसाच धरून बसते, नाहीतर रवंथच बंद. याला पैसा लागत नाही, घड्याळही लागत नाही.

---

उसाचा_फड

सगळं बरोबर आहे पण आता प्रत्येक जनावर दुखणाईत ठरवू नका राव. आमच्याकडं बैल उसाच्या गाडीला जुंपला की बरोबर तिसऱ्या खेपेला बसतो. शेपटी पिरगाळली की उठतो आणि चालतो पण नीट. म्हणजे नाटकच ना? काही जनावरं जात्याच कामचुकार असतात जशी माणसं असतात. शहरातली लोकं येऊन शिकवणार आम्हाला बैलाच्या भावना.

---

तालुक्याचा_डॉक्टर

@उसाचा_फड शेपटी पिरगाळल्यावर उठतो कारण शेपटीची कळ जास्त असते. खांद्याची कमी झाली असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या खेपेला का बसत नाही, तिसऱ्यालाच का, हे एकदा बघा. जू काढल्यावर खांद्यावर तळवा ठेवा. गरम लागला, कातडं जाड झालेलं लागलं, किंवा हात ठेवल्याबरोबर कातडं थरथरलं तर खांदेसूज आहे. बैल तुमच्याकडं बघून मान फिरवील ते वेगळंच.

---

जुना_गाडीवान

मी लिहीत नसतो पण फडवाल्या भाऊंचं वाचून लिहावं वाटलं. मी बीड जिल्ह्यातला, आमचं घर तीस वर्षं ऊसतोडीला जायचं, मी स्वतः बारा हंगाम गाडी हाकली.

आमच्या जोडीतला डावा बैल एका हंगामात जू घ्यायला कुरकुर करायला लागला. डोकं झटकायचा. जू ठेवलं की डोकं झटकून पाडायचा. एरवी बांधला असला की दावणीच्या खुंटाला शिंग घासायचा, सारखं सारखं, शिंगाचं बूड सोलवटून निघालं. आम्ही म्हणलं हट्टी झाला. उचल घेतलेली, मुकादम डोक्यावर, गाडी भरून उभी, कोण बघतंय. मारलं मी त्याला. लई मारलं. नंतर नंतर डोकं एका अंगाला कलतं धरायला लागला आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचं पाणी यायला लागलं तवा दवाखान्यात नेला. शिंगाचा कॅन्सर. आतून पोखरलं होतं सगळं. शिंग बुडातून कापलं, पण उशीर झालता.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते, हळद आन लोणी लावून बैलाचे खांदे मळायचे, आन त्याच्या कानात सांगायचं "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या". त्या साली मी मळायला बसलो आणि माझा हात त्याच्या रिकाम्या खुंटाकडं जायचा. तवापासून एक कळलं की खांदेमळण म्हणजे नुसती रीत नाही, आपल्या म्हाताऱ्यांनी वर्षातून एकदा तरी माणसाला बैलाचा खांदा हातानं चाचपायला लावलाय. गाठ, सूज, जखम हाताला लागतीच. आता मी ते दर आठवड्याला करतो, हळद नसली तरी.

फडवाले भाऊ, रागानं नाही सांगत. बैल बसतो तवा आधी खाली वाकून बघा.

---

सातगायी

काका, काय लिहावं सुचेना. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

---

परळची_पोरगी

मी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते (परळचं, १८८६ पासूनचं ते), शेवटचं वर्ष. वरच्या काकांच्या पोस्टनंतर पुस्तकी लिहायला जरा लाजच वाटतेय पण धागाकर्त्यांनी "पुस्तकातलंही चालेल" म्हटलंय म्हणून.

दुखणं आकड्यात मोजायच्या पद्धती आता आहेत. २०१० साली उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पट्टी आली, मग घोड्यांची २०१४ ला, कोपनहेगनच्या लोकांनी गाईची २०१५ ला, आणि केंब्रिजवाल्यांनी मेंढीची २०१६ ला, ती तर खुरसडी आणि दगडी (कासदाह) झालेल्या मेंढ्यांवरच तपासली होती, म्हणजे शेळीमाय आणि मेंढपाळकाका जे सांगतायत तेच. ब्राझीलमध्ये बैल खच्ची केल्यावरच्या दुखण्याची वेगळी पट्टी केलीय.

गाईची पट्टी ऐकायला सोपी आहे. लांबून बघायचं, तिचं लक्ष आजूबाजूला आहे का ती आपल्यातच आहे. डोकं कुठे, पाठीच्या वर, रेषेत की खाली. कान पुढे-मागे हलतायत, की मागे ओढून एकाच जागी, की दोन बाजूंना लोंबलेत. पाठ सरळ की कमानदार. मग चेहरा. डोळ्याच्या वर सुरकुत्या पडल्यासारखं ताणलेलं दिसतं, नजर एका जागी खिळलेली, नाकपुड्या फाकलेल्या आणि त्यांच्या वर रेघा, ओठ घट्ट. शेवटी आपण जवळ गेल्यावर ती काय करते. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. बेरीज जितकी जास्त तितकं दुखणं जास्त.

मला आधी वाटायचं गाईचा चेहरा काय वाचणार. पण क्लिनिकला एकदा प्रसूती अडलेली गाय आली होती आणि मॅडमनी आम्हाला तासभर नुसतं तिच्या कपाळाकडे बघायला लावलं. वासरू निघाल्यावर, वेदनाशामक लागू पडल्यावर डोळ्यावरची ती घडी हळूहळू सुटली. ते एकदा बघितलं की परत न बघणं शक्य नाही, आता मी एसटीतून जाताना पण शेतातल्या गाईंना मार्क देत बसते :)

लंगडण्याची १ ते ५ अशी वेगळी पट्टी आहे, १९९७ ची, ती तर कुणालाही जमेल. उभी असताना पाठ सरळ पण चालताना कमान होते, हे २. उभी असताना पण कमान आणि चालताना पण, हे ३. म्हणजे २ ला ती नीट पाय टाकतेच, मालक म्हणतो लंगडत कुठेय? पण पाठीने सांगितलेलं असतं.

---

उसाचा_फड

गाईला मार्क 😂 पुढं रिझल्ट पण लावा. आमच्या आजोबांनी पट्टी न लावता शंभर जनावरं सांभाळली.

बाकी गाडीवान काका तुमचं वाचलं. बघतो.

---

परळची_पोरगी

@उसाचा_फड तुमच्या आजोबांच्या डोक्यात होतीच की पट्टी, फक्त ती त्यांच्याबरोबर गेली. आकड्याचा फायदा इतकाच की मी सकाळी ७ दिले आणि संध्याकाळी दुसऱ्या माणसाने ३ दिले तर औषध लागू पडतंय हे कळतं. नाहीतर "जरा बरी वाटतेय" म्हणजे नक्की काय?

---

कोल्हापुरी_म्हैसवाली

म्हशीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. म्हैस म्हणजे सोसणारी बाई आहे, ती काही दाखवत नाही, कातडं काळं, चेहरा मोठा, कान आधीच आडवे, त्यामुळं वर सांगितलेली घडीबिडी मला तरी दिसत नाही. पण म्हैस दूध काढताना सांगते.

आमची एक पहिलारू म्हैस लाथ मारायला लागली. सासरे म्हणाले खोडीची निघाली, विकून टाकू, बाजारात नेऊया. दुसरं म्हणजे पान्हा चोरायची, वासरू सोडलं तरी अर्धाच पान्हा. आमच्या गल्लीतल्या एकानं सल्ला दिला इंजेक्शन मारा पान्ह्याचं. मी म्हटलं आधी सड बघूया, दिवसाउजेडी बघूया, कारण आपण धार काढतो पहाटे चारला बल्बच्या उजेडात. बघितलं तर उजवीकडच्या मागच्या सडाला बारीक आडव्या चिरा, थंडीनं उललेलं. माझ्या अंगठ्याचं नख बरोबर त्यावर दाबत होतं रोज. मलाच लाज वाटली. आठ दिवस लोणी लावलं आणि अंगठा मुडपून काढायची सवय मोडली, मुठीनं काढायला लागले, लाथ गेली. विकली असती तर पुढच्यानं पण विकली असती आणि मग कुठं गेली असती कुणास ठाऊक.

तर माझं म्हणणं, एखादं जनावर नव्यानं "खोडीचं" झालं तर आधी तारीख आठवा, कधीपासून. जन्मापासून खोडीचं असेल तर स्वभाव म्हणूया. मंगळवारपासून खोडीचं असेल तर काहीतरी दुखतंय.

---

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, शेवटची ओळ मी दवाखान्यात लिहून लावणार आहे.

म्हशीत अजून एक, भरत आलेली म्हैस सारखी उठबस करते, पोटाला लाथ मारते, मागे वळून कुशीकडे बघते पण कळा पुढे सरकत नाहीत, तर गर्भाशयाला पीळ पडला असू शकतो. "अजून वेळ आहे" म्हणून रात्र काढू नका.

आणि दगडीबद्दल. कास सुजली की गाय मागचे पाय फाकवून उभी राहते आणि चालते, ढोपरांमधलं अंतर वाढतं, आणि बसायची कमी होते कारण बसल्यावर कासेवर दाब येतो. एरवी गाय दिवसाचे दहाबारा तास बसून काढते. तुमची उभीच दिसायला लागली तर कासेला हात लावा. मागच्या पायाचं बाहेरचं खूर दुखत असेल तर वेगळं, ती बोटं बाहेर आणि ढोपरं आत अशी उभी राहून वजन आतल्या खुरावर घेते. बहुतेक लंगडणं खुरातलंच असतं, लोक मात्र मांडीला आणि फऱ्याला तेल चोळत बसतात. पुढचा पाय असेल तर चालताना डोकं बघा, दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतं.

---

नवा_दूधवाला

डॉक्टरसाहेब माझी गाय कालपासून लंगडतेय, घरी वडिलांचं गुडघ्याचं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन पडलंय ते किती एमएल देऊ? वजन अंदाजे ४००.

---

धागापाल

इथे औषधांचे डोस विचारू आणि सांगू नयेत. एक प्रतिसाद उडवला आहे. दवाखान्यात जावे.

---

तालुक्याचा_डॉक्टर

धागापालांनी बरं केलं. पण "देऊ नका" एवढ्याने भागत नाही, का ते सांगतो.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात. आपल्या देशातली तीन जातींची गिधाडं ९० टक्क्यांहून जास्त संपली त्यामागे हेच मुख्य कारण निघालं. लोक माणसांची मोठी बाटली आणून जनावराला टोचायचे म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसच्या पॅकिंगपुरतं ठेवलं. पुढे २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद केलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि गाईला चांगलं लागू पडतं, पण ते किती आणि कधी हे तपासून ठरतं. गाईच्या अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर तिच्याच किडनीवर येतं. आणि वेदनाशामक दिल्यावर ठरलेले दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं, हे तर कुणी विचारतच नाही.

दुसरं म्हणजे कळ मारली की लंगडणं थांबतं आणि मालक खूश होतो, खुरातला खिळा तसाच. खूर उचलून धुऊन बघा आधी. सकाळी घेऊन या.

---

नवा_दूधवाला

बरं साहेब. खूर धुतलं. फटीत खडा होता पाचरीसारखा बसलेला. काढलाय पण वास येतोय, उद्या आणतो दवाखान्यात.

---

ब्रॉयलर_शेडवाला

कोंबडीला कोण विचारतो, पण वाचलेलं सांगतो. ब्रिटनमध्ये २००० साली एक अभ्यास छापून आला होता, लंगड्या आणि चांगल्या ब्रॉयलर पक्ष्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं, एकात वेदनाशामक मिसळलेलं. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य जास्त उचललं, आणि जितकं लंगडणं जास्त तितकं ते जास्त. म्हणजे त्यांनाच कळत होतं कशाने बरं वाटतं. हे वाचल्यापासून शेडमध्ये बसून राहिलेले पक्षी बघवत नाहीत, पण ३५-४० दिवसांची बॅच असते, कंपनीचा सुपरवायझर वजनाचंच विचारतो. सोडा.

---

शेळीमाय_यवतमाळ

सोडू काहून? तुमी लिव्हलं म्हणून आमाले समजलं.

डॉक्टरसायेब एक विचारतो. आमच्या गावात वासराचे शिंग जाळतात, तापवलेल्या लोखंडानं, काहीच न देता. म्हणतात लहान हाय, त्याले काय समजते. खरं हाय का?

---

तालुक्याचा_डॉक्टर

खोटं. लहान वयातच करावं हे बरोबर, पहिल्या काही आठवड्यांत, शिंगाचं बोंड कवटीला चिकटायच्या आधी. पण दुखत नाही म्हणून नव्हे, जखम लहान राहते म्हणून. डोळा आणि शिंगाच्या मध्ये एक नस जाते, तिथे भूल दिली की जाळताना कळ लागत नाही. पण ती भूल दोनेक तासांत उतरते, मग वासरू डोकं झटकतं, कान फडफडवतं, खांबाला डोकं घासतं. माशीमुळे करतंय असं वाटतं लोकांना. म्हणून भुलीबरोबर लांब टिकणारं वेदनाशामकही द्यायचं. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात शिंगं काढणं, खच्चीकरण, वेसण टोचणं याला सूट आहे, पण ती ठरवून दिलेल्या रीतीने करण्यापुरतीच. गोऱ्हा दगडाने ठेचायचे दिवस गेले, तरी अजून कुठे कुठे ठेचतात, मला माहीत आहे.

---

उसाचा_फड

आज जू उतरवल्यावर खांदा बघितला. डावीकडं नारळाच्या करवंटीएवढी सूज आहे, आतून मऊ. हात लावला तर मागं सरला. जू पण बघितलं, खालच्या बाजूला एक गाठ वर आलीय लाकडाची, तिथंच लागतंय. तिसऱ्या खेपेपर्यंत दम धरत होता म्हणायचा.

सुताराला दिलंय. चार दिवस गाडी बंद, नुकसान आहे, पण जाऊ दे.

---

जुना_गाडीवान

चार नको, सूज पुरती उतरेस्तवर जुंपू नका, परत तिथंच येती. डॉक्टरला दाखवा, सुई टोचून पाणी काढायच्या फंदात घरी पडू नका. आन जुवाला खालून जुन्या गोधडीची गुंडाळी बांधा.

---

सातगायी

धागा वर काढतोय, महिना झाला म्हणून.

गाय ११ लिटरवर आलीय. टाके सुकले. हौदाच्या उतारावर अजून थबकते, डॉक्टर म्हणतात आता टोचत नसणार, तिच्या आठवणीत राहिलं असेल, म्हणून आम्ही तिला पाणी जागेवरच देतोय सध्या. कडबाकुट्टीच्या तोंडाशी लोहचुंबक बसवलं, पहिल्याच आठवड्यात तीन खिळे आणि एक सेफ्टी पिन चिकटली.

बाकीच्या सहा गायींनाही डॉक्टरांनी तोंडातून एकेक चुंबक दिलंय, ते म्हणे जाळीपोटात जाऊन कायमचं बसतं आणि येईल ती तार धरून ठेवतं. वडील काही पटवून घेईनात, ३०० रुपयांचं चुंबक शेणातून गेलं असणार म्हणाले, दोन दिवस शेण चिवडत होते. मग डॉक्टरांनी होकायंत्राची युक्ती सांगितली. होकायंत्र कुठून आणणार, मी मोबाइलचंच उघडलं आणि डाव्या कोपराच्या मागे छातीला लावलं, सुई गपकन फिरली. वडिलांनी मोबाइल हातातून काढून घेतला आणि सहाच्या सहा गायींना लावून बघितला, मग अण्णांना हाक मारली, मग अण्णांच्या गायींना लावून बघितला, तिथे सुई हलेना. आता अण्णा विचारतायत चुंबक कुठे मिळतं.